तीन झटके

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, ही मोतीलालच्या हाताची सवय होती. डोक्याला त्यात काही विचारलेलं नसायचं. पहिला झटका कुलपासाठी, दुसरा कोयंड्यासाठी आणि तिसरा आपल्या मनासाठी, असं त्याच्या बापानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याला शिकवलं होतं, आणि बाप गेला तरी तो धडा मुलाच्या मनगटात राहिला. गावात यावरून हसायचे त्याला. त्याच्याच लग्नात त्यानं दागिन्यांच्या खोलीला कुलूप घातलं, तीन झटके दिले आणि पंगतीत जाऊन बसला. आत मावससासू पदर नीट करत बसली होती. ती बिचारी आतून हाका मारतेय आणि हा बाहेर जिलबी वाढून घेतोय. मावशी बाहेर आल्या त्या घामानं निथळत. म्हणाल्या, "जावाई, माले सोनासंगे तोली टाकं का?" सगळा मांडव हसला. मोतीलालही हसला. त्या हसण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

गावाचं नाव इथं घेत नाही. तळोद्याकडून तापीकडं उतरताना लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून बाजारात भेटतात, रामराम करतात. कशाला कुणाचं मन दुखवा. साठ साल उलटून गेलं होतं. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात. गावाला सरकारी दवाखाना होता, वीस खाटांचा. माणसं मात्र कायम चाळीसच्या आसपास. एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं इकडं, दुसऱ्याचं तिकडं, आणि उरलेली खाली फरशीवर, आपापल्या गोधडीवर. डोंगरातली माणसं तर खाट रिकामी असली तरी खालीच झोपायची. म्हणायची, वर झोपलं की पडल्यासारखं वाटतं. डॉक्टर एकटा, थकलेला. आयाबाई एक, दगूबाई, तीही थकलेली. औषधं बैलगाडीतून यायची आणि संपून जायची.

अशा ठिकाणी एक दिवस बातमी आली की परदेशी पाहुणे येणार. आफ्रिकेतला कुठलासा देश नुकता साहेबाच्या हातून सुटला होता, त्याचे एक मोठे पुढारी हिंदुस्तान बघायला आले होते. सरकारनं त्यांना धरणं दाखवली, कारखाने दाखवले. मग ते म्हणाले, आता मला खेड्यातला एखादा दवाखाना दाखवा. कुणाच्या तरी बोटाखाली नकाशात आमचं गाव आलं.

मग जी धावपळ झाली ती काय सांगावी. दवाखान्याला पांढरा चुना, दारं-खिडक्यांना हिरवा रंग. मामलेदारसाहेब स्वतः छत्री घेऊन उभे. मोतीलालच्या दुकानातून लाल ब्लँकेटं गेली, तीही ऐन वैशाखात, जेव्हा अंगावरचा सदरा नको होतो. आणि हुकूम निघाला की फरशीवर एकही माणूस दिसता कामा नये. एका खाटेवर एक रोगी, तोही बघण्यासारखा. खरोखरच्या आजाऱ्यांत बघण्यासारखे फार थोडे निघाले, तेव्हा बाजारातले हमाल आणून झोपवले. नवलसिंग हमाल, जो दोन मणाचं पोतं हसत उचलायचा, तो सात नंबरच्या खाटेवर लाल ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून कण्हण्याचा सराव करत होता.

राहता राहिले फरशीवरचे. दवाखान्यामागच्या गल्लीत, तीनेकशे पावलांवर, मोतीलालची वखार होती. कापसाचा हंगाम संपलेला, वखार रिकामी. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि भिंतीत मुरलेला सरकीचा तेलकट वास. मामलेदार म्हणाले, "शेठ, एका दिवसाचा प्रश्न आहे. पाहुणे दहाला येणार, अकराला जाणार. तुमच्याच हस्ते हार घालू व्यापारी मंडळातर्फे."

हार घालायचा म्हटल्यावर मोतीलाल पाघळला. शाळा चौथीपर्यंत झालेला माणूस; लिहिणं-वाचणं पुढं वर्तमानपत्राच्या रद्दीवर शिकलेला. परदेशच्या पुढाऱ्याच्या गळ्यात आपल्या हातचा हार! तो हो म्हणाला.

त्या फरशीवरच्यांत दिवलीबाई होती, आणि तिला दवाखान्यात मोतीलालनंच आणलं होतं.

सातपुड्यात, मोलगीच्याही वर एका पाड्यावरची ही पावरा आदिवासी बाई. वीस वर्षं ती त्याच्या दुकानात चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन उतरायची. अंगाला कायम मोहाचा वास, गोडसर, थोडा आंबलेला. दुकानाच्या पायरीवर बसायची आणि मोतीलालनं संध्याकाळी कुलूप लावून तीन झटके दिले की तोंडाला पदर लावून हसायची.

"शेठ, तुन्हा कुलूपवर तुन्हाच भरोसा नही?"

"नही ना बाई. तुन्हा घरले कसं कुलूप शे?"

"आमनाकडे कुलूप कसाले? टाटी शे. वारा उना तर तीबी उघडी जास."

वैशाखात ती उतरली तेव्हा जुलाबांनी पार वाळली होती. पायरीवर बसली ती उठलीच नाही. मोतीलालनं गाडी जुंपली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध आहे तेवढं देतो, पण हिला पाणी पाहिजे. थोड्या थोड्या वेळानं, घोट घोट, खंड पडता कामा नये. दाराजवळच्या फरशीवर ती अकरा दिवस पडून होती, आणि दोन दिवसांपासून उठून बसायला लागली होती. मोतीलाल रोज चक्कर टाकायचा. तिला ताक द्यायचा. जगणार होती ती. डॉक्टरही तसं म्हणाले होते.

पाहुण्यांच्या दिवशी भल्या सकाळी त्या सगळ्यांना वखारीत हलवलं. घरी धाडता येण्यासारख्यांना आदल्या दिवशीच धाडलं होतं; उरली ती दहा-बारा माणसं, कुणी चालत, कुणी खांद्यावर. दलसिंग नावाचा म्हातारा पाय मोडलेला, त्याला झोळीतून आणला. दगूबाईनं ओट्यावर, दाराबाहेर, पाण्याचा रांजण भरून ठेवला. आतली जमीन ओली झाली तर आजारी माणसं कुठं झोपणार, म्हणून बाहेर. मग मोतीलालला म्हणाली, "शेठ, माले वॉर्डमा उभं ऱ्हावनं शे, धवळं लुगडं नेसीसन. आठे कोनी नही. ज्यास्ले चालता येस त्या बाकीनास्ले पानी देतीन. तुम्हीन फक्त दार उघाडं ठेवा."

दिवलीबाई भिंतीला टेकून बसली होती. वखारीचं ते जाड, लोखंडी पट्ट्यांचं दार बघून तिचा चेहरा उतरला.

"शेठ… दार लावशी का?"

"नही बाई."

"माले बंद घरमा जीव घाबरस. मी कधी ऱ्हायनी नही."

"मन्हा शब्द शे. दार उघाडंच ऱ्हाई."

वीस वर्षांत मोतीलालनं तिला दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. ती मान हलवून आडवी झाली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. "शेठ, चला! गाडी नंदुरबारहून निघाली!" मोतीलालनं टोपी सारखी केली, उपरणं झटकलं, आणि ओटा उतरून धावत सुटला.

असं त्याला आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं.

दवाखान्याच्या दारात रांग लावली होती. मामलेदार, डॉक्टर, दोन मास्तर, बँडवाले, आणि हार घेऊन मोतीलाल. दहा वाजले. साडेदहा. ऊन भिंतीवरून खाली उतरलं आणि पायांशी आलं. अकराच्या सुमाराला घाम पुसायला त्यानं उपरण्याचं टोक ओढलं आणि त्याचा हात कमरेला लागला.

कडदोऱ्याला चावी होती.

आता ते कुलूप जुनं, अलिगढी, पितळेचं. त्याची एक खोड होती, मोतीलालच्या बापापासूनची. कुलूप लागल्याशिवाय त्याची चावी निघायचीच नाही. उघडं असलं की चावी त्यातच अडकलेली. म्हणजे चावी कमरेला आहे त्या अर्थी…

आणि मग त्याच्या मनगटाला आठवलं. दार ओढलं होतं. कोयंडा घातला होता. खट्. खट्. खट्.

तो मामलेदारांकडं वळला. "साहेब, दोन मिनिटांत येतो…"

"कुठं? शेठ, गाडी पुलावर आलीय! हार कोण घालणार?"

गाडी पुलावर आली होती, तर पाहुणे येतील, हार घालू, आणि लगेच जाऊ. अर्ध्या घटकेचा प्रश्न. मोतीलाल उभा राहिला.

गाडी पुलावर नव्हती. साडेअकराला कुणीतरी सांगितलं की आत्ता खरोखर पुलावर आली. पोलिसांनी रस्ता दोरीनं बंद केला होता. चावी कुणाच्या हातात देऊन पाठवावी तर एक दगूबाई होती, आणि ती आत, दार लावून घेतलेल्या वॉर्डात. पण मोतीलालनं पुढं अनेकदा स्वतःच कबूल केलं, की तेवढंच कारण नव्हतं. समोर बँडवाले होते, मास्तर होते, कुणालाही पाठवता आलं असतं. पण चावी देताना सांगावं लागलं असतं की मी आजारी माणसांना कोंडून आलोय. मावससासूची गोष्ट गावात अजून सांगत होते. आणखी एक गोष्ट कशाला, असं त्याच्या मनात आलं. सावली आहे, दिवलीबाईला आता बरं आहे, थोडा वेळ काढतील… माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कुणी हरवू शकत नाही.

बारा वाजता जिनिंग गिरणीचा भोंगा झाला. लांब, कंटाळलेला आवाज. तो थांबला आणि त्याच्यामागं जी शांतता पडली, तीत मोतीलालला ऐकू आलं.

खट्… खट्… खट्.

वखार तीनशे पावलांवर, मधे घरं, मधे दवाखाना. तिथून कुलपाचा आवाज यायचं कारण नव्हतं. त्यानं शेजारच्या मास्तरांकडं बघितलं. मास्तर उभ्या उभ्या पेंगत होते. बँडवाल्यांनी एकदा उगाच सुरुवात केली, मामलेदार धावत आले, "थांबा, दुधाचा ट्रक आहे तो!" सगळे हसले. हसणं ओसरलं आणि पुन्हा, आता जरा जवळून, जणू दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी…

खट्… खट्… खट्.

एक वाजला. दोन वाजले. हारातली फुलं माना टाकायला लागली. कुणीतरी त्यांच्यावर पाणी शिंपडलं. ते पाणी मोतीलालच्या हातावर पडलं आणि त्याला रडू आलं. तो दोरीपर्यंत गेला. तेवढ्यात खरोखरच लांबवर धूळ उठली आणि हवालदारानं त्याला दंड धरून मागं आणलं. धूळ मेंढरांची निघाली. पण एकदा मागं आलेला माणूस पुन्हा लगेच पुढं जात नाही, त्याचे पायच जड होतात.

दोनच्या पुढं तो आवाज थांबला. मोतीलालला बरं वाटलं. मग त्याला वास आला.

गोडसर. थोडा आंबलेला. मोहाचा.

वारा नव्हता. निंबाचं पान हलत नव्हतं. त्यानं मान वळवली नाही. त्याच्या डाव्या अंगाला, जिथं रांगेत कुणीच नव्हतं, तिथून तो वास येत होता. आणि मग कमरेशी, उपरण्याच्या आत, काहीतरी हललं. त्याला वाटलं, श्वासानं हललं असेल. त्यानं श्वास धरला.

चावी ओढली गेली. हलकीच, बाजारात आयाबाया अंगरख्याचं टोक ओढून लक्ष वेधतात तशी. एकदा… दोनदा… तीनदा. मग थांबली. मग पुन्हा.

चार वाजता पाहुणे आले.

उंच, वाकलेले, पांढरे केस, साधा सदरा. चालताना एक पाय जरासा ओढत होते. बरोबर दुभाषी होता, गुजराती माणूस, आफ्रिकेतच जन्मलेला. ठरल्याप्रमाणं आधी वॉर्ड बघायचा आणि दारात हार. पाहुणे एकेक खाट बघत पुढं सरकले. लाल ब्लँकेटांखाली हमाल उकडून निघाले होते. सात नंबरपाशी पाहुणे थांबले, नवलसिंगचा हात हातात घेतला, दंड चाचपला आणि काहीतरी बोलले. दुभाष्यानं सांगितलं, "साहेब म्हणतात, आमच्या दवाखान्यात असा रोगी असता, तर मी त्याच्याकडून खाटा उचलून घेतल्या असत्या." सगळे हसले. मामलेदार जरा उशिरा हसले.

हसत हसत पाहुणे दाराकडं आले, आणि दाराजवळच्या रिकाम्या, चकचकीत फरशीपाशी त्यांनी पाय आवरला. अकरा दिवस जिथं दिवलीबाईची गोधडी होती, तेवढ्या जागेला त्यांनी वळसा घातला. वाटेत झोपलेल्या माणसाला आपण ओलांडत नाही, तसा. दगूबाईनं ते बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

मोतीलालनं हार घातला. पाहुण्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत. ते त्याच्याकडं बघत नव्हते. त्याच्या डाव्या खांद्याशेजारी, जरा खाली, बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर बघत होते. मग अगदी हळू काही बोलले.

दुभाषी गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं. मग गुजरातीत, कुजबुजत म्हणाला, "शेठ… साहेब कहे छे, आ बेनने बारणुं खोली आपो."

या बाईला दार उघडून द्या.

"कोन बाई?" मोतीलालनं विचारलं.

दुभाष्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं, मग साहेबांकडं, मग मोतीलालकडं. "तुमच्या शेजारी उभी आहे म्हणतात. केव्हाची तुमची चावी ओढतेय."

मग मोतीलाल धावला. टोपी पडली, उपरणं दोरीत अडकलं, हवालदार ओरडला. तीनशे पावलं, इतकी लांब त्याला ती कधी लागली नव्हती. ओट्यावर रांजण काठोकाठ भरलेला. कुलूप दारावर, उन्हानं तापून निखारा झालेलं. चावी फिरवताना त्याची बोटं भाजली.

दार आत ढकललं जाईना. मागं काहीतरी होतं. त्यानं खांदा लावला.

दिवलीबाई उंबऱ्याला डोकं लावून पडली होती. एक हात वर, दाराच्या फटीत घातलेला, कोयंड्याच्या दिशेनं. बोटांची टोकं सोलली होती. ओठांवर पांढरे पापुद्रे. मोतीलालनं ओंजळीत पाणी आणलं, तोंडाशी धरलं. पाणी गालावरून ओघळून सारवणात जिरलं.

बाकीचे जिवंत होते. दगूबाई मागोमाग पोचली होती, तिनं एकेकाच्या तोंडात पाणी घातलं. पत्र्याखाली हवा भट्टीसारखी. दलसिंग म्हातारा दोन घोट प्यायला आणि मोतीलालकडं बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. राग यायला अंगात काही उरावं लागतं.

"आम्हीन हाका मारी मारी थकनूत, गल्लीमा कोनीच नव्हतं. ती म्हने, शेठनी शब्द दिधा शे. दार उघाडंच व्हई, अटकेल व्हई. म्हनीसन ओढे. तीनदाव ओढे, थांबे. परत तीनदाव." म्हातारा थांबला. "भोंगा वाजना ना, तव्हय ती गयी."

"बाराले?"

"हा. बाराले."

"मंग…" मोतीलालला विचारायचं नव्हतं. "मंग दार कोन ओढे? दोन वाजालोंग?"

दलसिंगनं त्याच्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. "ते तर बाहीरथून ओढेत, शेठ. बाहीरथून. आम्हले वाटनं तुम्हीनच दार उघाडी ऱ्हायनात."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. पाहुण्यांनी रस्त्यात गाडी थांबवली होती. मामलेदार हात चोळत मागं उभे. पाहुणे ओट्यावर चढले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. खाली बसले, तिच्या उशाशी, जमिनीवर. मग दुभाष्यामार्फत बोलले, इतकं थकलेलं बोलणं की दुभाष्याचा आवाजही तसाच झाला.

"सहा वर्षं मी आमच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात रोग्यांची घाणीची भांडी उचलली. तिथंही असंच. खाटेवर दोघं, खाली तिसरा. गव्हर्नर यायचा तेव्हा खालच्यांना धुण्याच्या खोलीत कोंडायचो. एकदा कुलूप मी लावलं. आणि मिरवणूक बघत उभा राहिलो. दार उघडलं तेव्हा आतला एक जण उठला नाही."

पत्रा उन्हातून सावलीत येताना तडतडत होता.

पाहुण्यांनी मोतीलालला जवळ बोलावलं. "कुलूप लावलं की तुम्ही ते किती वेळा ओढून बघता?"

"तीनदा," मोतीलाल म्हणाला.

पाहुण्यांनी मान हलवली. "मी दोनदा ओढायचो. आता तिसऱ्याची वाट बघतो. तुम्ही चौथ्याची बघा." मग उठले, गळ्यातला हार काढून तिच्या पायांशी ठेवला आणि गेले. जाता जाता दुभाषी एवढंच म्हणाला की साहेबांच्या घरात कुठल्याही दाराला कुलूप नाही, आणि त्यावरून मंत्रिमंडळात फार वाद होतात.

पुढं काय व्हायचं तेच झालं. दिवलीबाईचं मरण आजारानं, असं ठरलं. हमाल घरी गेले, लाल ब्लँकेटं दुकानात परत आली, आणि दुसऱ्या दिवशी फरशीवरचे पुन्हा फरशीवर. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा डोंगरातून उतरला. मोतीलाल त्याला सगळं सांगायचं म्हणून सामोरा गेला आणि तोंडातून निघालं, "दुखनं भारी व्हतं, भाऊ." नवऱ्यानं मान हलवली. मग कमरेची पुरचुंडी सोडून त्याच्यापुढं ठेवली. चारोळी होती. "तिनी निवडीसन ठेवेल व्हती. म्हने, शेठले चांगली लागस."

वखारीला मोतीलालनं पुन्हा कुलूप घातलं नाही. वर्षानुवर्षं ते दार उघडं राहिलं आणि गंमत अशी की तिथून सरकीचा दाणा चोरीला गेला नाही. पण दुकान तर बंद करावं लागतंच. भावकीतली, धंद्यातली माणसं ऐकत नाहीत. दुकान पुन्हा उघडलं त्या पहिल्याच संध्याकाळी त्यानं त्याला नवं कुलूप लावलं. हात आपला आपण तीनदा ओढून मोकळा झाला, आणि तो पायरी उतरणार तोच, बंद दुकानाच्या आतून दार ओढलं गेलं.

खट्.

एकदाच. मोहाचा वास आला आणि गेला.

पहिले काही महिने तो रोज कुलूप उघडून आत बघायचा. पोती, तराजू, अंधार. मग बघायचं सोडून दिलं. भीतीचीही सवय होते माणसाला, म्हातारपणी गुडघ्याच्या दुखण्याची होते तशी. तीन झटके द्यायचे, पायरीवर उभं राहायचं, चौथा ऐकायचा आणि घरी जायचं. बायको, जसोदाबाई, विचारायची, "इतला उशीर कसाले व्हस रोज?" तो म्हणायचा, "एक गिऱ्हाईक ऱ्हास."

अशी पाच वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात, श्रावणातल्या सोमवारी, त्यानं कुलूप लावलं, तीन झटके दिले आणि उभा राहिला. चौथा आला नाही. दिवेलागण झाली, समोरचा शिंपी दुकान बंद करून गेला, तरी आला नाही. मोतीलाल हात जोडून म्हणाला, "बाई, सुटनी व्हशी तर बरं व्हयनं," आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी पोटभर जेवला. मंगळवारीही आला नाही. आठवडाभर आला नाही.

पुढच्या सोमवारी वाणसामानाच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत त्याला ताजंच वर्तमानपत्र दिसलं. कोपऱ्यात चार ओळी होत्या. आफ्रिकेतल्या त्या देशात लष्करानं राज्य घेतलं होतं; इथं येऊन गेलेल्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांना दोन महिने एका कोठडीत कोंडलं होतं. गेल्या सोमवारी रात्री पहारेकऱ्यांनी दार उघडलं तेव्हा कोठडी रिकामी होती. बाहेरचं कुलूप जसंच्या तसं लागलेलं. पहारेकऱ्यांचं म्हणणं एवढंच, की त्या संध्याकाळी कुणीतरी दार बाहेरून ओढत होतं. त्यांना वाटलं, आपल्यातलंच कुणी असेल.

मोतीलालनं तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्याची पुडी बांधली नाही.

त्या संध्याकाळी त्यानं कुलूप लावलं. पाऊस उघडला होता, वळचणीचं पाणी ठिबकत होतं. हातानं तीन झटके दिले. तो थांबला.

आतून चौथा आला. हलका, ओळखीचा, मोहाच्या वासासकट. मोतीलालनं डोळे मिटले आणि नेहमीसारखा पायरी उतरायला पाय उचलला.

आणि मग, जरा वेळानं, दाराच्या बऱ्याच वरच्या बाजूनं, उंच माणसाच्या हाताचा, पाचवा.